पान दिसतं, पण ऐकू येत नाही: मराठी वृत्तसंकेतस्थळांच्या संपादकांना खुले पत्र

मराठीतील मोठ्या वृत्तसंकेतस्थळांचे संपादक, मालक आणि तंत्रविभागप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

माझी आत्या कराडला राहते. आधी शाळेच्या आणि नंतर कॉलेजच्या ग्रंथालयात तिने चौतीस वर्षं नोकरी केली. काचबिंदूमुळे गेल्या सहा वर्षांत तिची नजर जवळजवळ पूर्ण गेली, पण वर्तमानपत्राची सवय सुटली नाही. सकाळी चहा झाला की फोन मांडीवर घेऊन ती टॉकबॅक सुरू करते. पडद्यावर बोट जिथे जाईल तिथे काय आहे ते टॉकबॅक बोलून सांगतो. तुमची संकेतस्थळं ती अशी ऐकते, आणि तुमच्या बातमीदारांची नावं तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

गेल्या पावसाळ्यात कोयनेच्या पाणलोटात सलग चार दिवस पाऊस कोसळत होता. १०५.२५ टीएमसीचं ते धरण भरत आलं की पाटण-कराडकडच्या माणसांना एकच गोष्ट हवी असते: सहा वक्री दरवाजे किती फुटांवर आहेत आणि विसर्ग किती सुरू आहे. आत्याचं घर नदीपासून फार लांब नाही. तिने एका मोठ्या मराठी संकेतस्थळाचं पान उघडलं. मथळा ऐकू आला, विसर्ग वाढवल्याचा. पुढच्या दोन ओळी ऐकू आल्या. मग फोनने इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक माळ वाचली आणि शेवटी म्हणाला, "जेपीजी, लिंक." तिने बोट मागे नेलं, पुढे नेलं. पुन्हा तीच माळ. किती वाजता किती क्युसेक, कोणत्या पुलावरची वाहतूक बंद, कोणत्या गावांना स्थलांतराची सूचना, हा सगळा तपशील एका रंगीत कोष्टकात होता आणि ते कोष्टक म्हणजे एक चित्र होतं. शेवटी शेजारच्या मुलाला हाक मारून तिने ते वाचून घेतलं.

रात्री तिचा मला फोन आला. "अरे, संकेतस्थळं बनवणं हे तुझं काम ना? मग मला सांग, चित्रात काय लिहिलंय ते माझ्या फोनला का कळत नाही?"

मी चोवीस वर्षं हेच काम करतो आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं: कारण ते त्याला कोणी सांगितलं नाही. सांगायची जागा मात्र होती. वेबपान एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहितात, त्यातल्या खुणेला टॅग म्हणतात. चित्राच्या टॅगमध्ये 'ऑल्ट' नावाचा एक गुणधर्म असतो. चित्र ज्याला दिसणार नाही त्याच्यासाठी तिथे मजकूर लिहायचा. १९९५च्या एचटीएमएल २.० या पहिल्या प्रमाणातही तो होता आणि १९९७च्या ४.० ने तो सक्तीचा केला. विसर्गाचं कोष्टक तर चित्र करण्याचंही कारण नव्हतं. एचटीएमएलमध्ये कोष्टकासाठी वेगळा टॅग आहे. त्यात आकडे भरले असते तर आत्याने रांगेरांगेने ते स्वतः ऐकले असते.

म्हणून हे पत्र. मोठ्या संकेतस्थळांनी एचटीएमएलचे नियम पाळायलाच हवेत का, हा प्रश्न आमच्या धंद्यात फार जुना आहे. बैठकीत तो निघाला की "ब्राउझर सांभाळून घेतो" हे उत्तर ठरलेलं असतं. हे उत्तर खोटं नाही, त्यामुळे ते नीट तपासलं पाहिजे.

ब्राउझर खरंच सांभाळून घेतो. परिच्छेद बंद करायचा राहिला तर तो स्वतः बंद करतो. एका फॉर्मच्या आत दुसरा फॉर्म घुसडला तर आतला दुर्लक्षून पुढे जातो. कोष्टकात चौकटीबाहेर मजकूर लिहिला तर तो उचलून कोष्टकाच्या वर ठेवतो. एकेकाळी प्रत्येक ब्राउझर हे आपापल्या मनाने करायचा, त्यामुळे तेच पान एकीकडे नीट आणि दुसरीकडे मोडलेलं दिसायचं. २००० साली आलेल्या एक्सएचटीएमएलने उलट टोक गाठलं. त्याचे नियम कडकपणे लावले तर एका चुकीपायी वाचकासमोर पानाऐवजी त्रुटीचा संदेश यायचा. लोकांनी ते स्वीकारलं नाही. २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरामधल्या मंडळींनी वेगळा गट काढला आणि त्या कामातून एचटीएमएल ५ उभं राहिलं. चुकलेलं पान कसं वाचायचं हेही त्यात पायरीपायरीने लिहून ठेवलं आहे. आज सगळे मुख्य ब्राउझर त्याच पायऱ्यांनी दुरुस्ती करतात.

म्हणजे पानाचे नियम तपासणाऱ्या व्हॅलिडेटरमध्ये तुमच्या पानावर शून्य चुका याव्यात असा माझा हट्ट नाही. गूगलचं मुखपृष्ठही कित्येक वर्षं त्या परीक्षेत नापास होत आलं आणि त्यामुळे कोणाचा शोध अडला नाही. एखादं अवतरणचिन्ह गाळलं म्हणून मी पत्र लिहायला बसलो नसतो.

पण ब्राउझरला फक्त रचना दुरुस्त करता येते. जो अर्थ लिहिलाच नाही तो त्याने कुठून आणायचा? 'डिव्ह' या स्वतःचा अर्थ नसलेल्या साध्या टॅगला रंग देऊन, कोपरे गोल करून बटणासारखं दाखवलं की डोळस माणूस फसतो आणि दाबतो. आत्याच्या फोनला तिथे नुसता मजकूर सापडतो, कधी तोही नाही. ठळक, मोठ्या अक्षरातली ओळ मथळा आहे की जाहिरात, हे फोनने कशावरून ओळखावं? दोन्ही नुसतेच 'डिव्ह' असतात. या चुकांसाठी कुठलाही संदेश येत नाही, पान मोडत नाही, तुमच्या कार्यालयातल्या कोणालाही काही दिसत नाही. त्यामुळे त्या वर्षानुवर्षं राहतात.

छापखान्यात असं झालं नसतं. खिळे जुळवणाऱ्या माणसालाही मथळा कोणता, उपमथळा कोणता, चौकट कुठली, हे नावानिशी सांगितलेलं असायचं. एचटीएमएलमधले शीर्षकांचे सहा टॅग म्हणजे तेच. टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडर वापरणारा वाचक पान वरपासून खालपर्यंत ऐकत बसत नाही. तो एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर उड्या मारतो, जसे आपण पानावरून नजर फिरवतो. शीर्षकं खरी शीर्षकं नसतील तर त्याला मेन्यूतल्या चाळीस लिंका, सहा जाहिराती आणि 'हेही वाचा' पार करून बातमीपर्यंत यावं लागतं.

आणि तिथवर पोचेपर्यंत पान स्वतःहून ताजं होतं! दर काही मिनिटांनी पान पुन्हा लोड करण्याची खोड बऱ्याच वृत्तसंकेतस्थळांना आहे. तुम्हाला-मला ती क्षणभराची उघडझाप वाटते. ऐकणारा माणूस अर्ध्या बातमीतून उचलला जातो आणि पुन्हा पानाच्या माथ्यावर, मेन्यूच्या पहिल्या लिंकवर येऊन पडतो. आत्याने एकच अग्रलेख चार वेळा सुरुवातीपासून ऐकल्याचं मला माहीत आहे. चौथ्यांदा तिने फोन बाजूला ठेवला.

आता भाषेबद्दल. मला सर्वात जास्त लागतं ते हेच.

पानाच्या अगदी पहिल्या टॅगमध्ये, 'लँग' या गुणधर्मात, पान कोणत्या भाषेत आहे ते लिहायचं असतं. मराठीसाठी 'एमआर' ही दोन अक्षरं. तुमच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानांच्या साच्यात, हा बदल एकदाच करायचा असतो आणि त्यातून निघणारी लाखो पानं त्याच क्षणी सुधारतात. गेल्या महिन्यात मी बरीच मराठी पानं उघडून पाहिली. काहींवर 'ईएन' होतं, म्हणजे इंग्रजी. विकत घेतलेल्या टेम्प्लेटमध्ये जे आलं तेच राहिलं असणार. काहींवर 'एचआय', म्हणजे हिंदी. काहींवर काहीच नाही.

याचा परिणाम काय होतो ते मी आत्याशेजारी बसून ऐकलं आहे. पान हिंदी असल्याचं सांगितलं की स्क्रीन रीडर हिंदी आवाज लावू शकतो. तो आवाज 'केलं', 'गेलं', 'घर बांधलं' यांवरचा अनुस्वार नाकातून काढतो. 'चमचा' आणि 'चिमटा' यांतले दोन वेगळे 'च' त्याला एकच वाटतात. 'जाळं'मधला 'ज' तो 'जिल्हा'मधल्यासारखा म्हणतो. पान इंग्रजी असल्याचं सांगितलं तर काही आवाज देवनागरी गाळून फक्त मधले इंग्रजी शब्द आणि आकडे वाचतात. चांगला मराठी आवाज तिच्या फोनमध्ये आहे. त्याला बोलवायचं काम पानाने करायचं असतं, ते होत नाही.

ज्यांना दिसतं त्यांच्यासाठीही ही दोन अक्षरं कामाची आहेत. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयानुसार मराठीत पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' लिहायचा. हिंदीतली या अक्षरांची वळणं वेगळी. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, मात्र दोन्ही भाषांसाठी अक्षर एकच आहे, वळण फाँटने ठरवायचं. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटांमध्ये मराठी वळणं आधीपासून भरलेली आहेत. पानाने आपण मराठी असल्याचं सांगितलं की ती आपोआप येतात. न सांगितल्यास हिंदी वळणं दिसतात. तुमच्या कार्यालयांत ऱ्हस्व-दीर्घासाठी मुद्रितशोधक होते, काही ठिकाणी अजून आहेत. 'ल' कसा दिसावा यावर तुम्ही लेख छापले आहेत. त्या लेखांच्या पानांवर तरी 'एमआर' असावं. (गोव्यातल्या मित्रांसाठी: कोंकणीचं चिन्ह वेगळं आहे, 'केओके'. एकाच संकेतस्थळावर मराठी आणि कोंकणी दोन्ही असतील तर प्रत्येक पानाला त्याचं त्याचं द्यावं लागेल.)

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दिवशी तुम्ही विशेष पानं काढली, मीही ती आनंदाने वाचली. २०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा म्हणून मराठी नोंदवली आहे. त्याच जनगणनेत देशात ५० लाखांहून जास्त लोकांची नोंद दृष्टिबाधित म्हणून झाली आहे. या दोन्ही आकड्यांत मोजली जाणारी माणसं तुमची वाचक आहेत. अभिजात भाषेचं पान 'मी इंग्रजी आहे' असं यंत्राला सांगत असेल, तर ते बदलायला कोणत्याही समितीची गरज नाही.

प्रमाण न पाळण्याची किंमत मराठीने एकदा मोजली आहे. २००१च्या सुमारास मी पुण्यात एका दैनिकाच्या वेब विभागात नवीन लागलो होतो. तेव्हाच्या अनेक मराठी संकेतस्थळांप्रमाणे आमच्याकडेही मजकूर देवनागरीत साठवला जात नसे. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेला फाँट असायचा आणि तो पानाबरोबर वाचकाच्या संगणकावर उतरायचा. फाँट उतरला तर बातमी, न उतरल्यास कंसांची आणि टोप्या घातलेल्या रोमन स्वरांची रांगोळी. एचटीएमएल ४.० ने १९९७ मध्येच युनिकोड हा पानाचा अक्षरसंच मानला होता. पण वाचकांच्या विंडोज ९८ वर युनिकोड देवनागरी दिसायची नाही, त्यामुळे सुरुवातीला आमचा नाइलाज होता हे मी मान्य करतो. विंडोज एक्सपी घरोघरी पोचल्यानंतरही ती पद्धत चालू राहिली, त्याला मात्र नाइलाज म्हणता येणार नाही. जुनी पानं बदलायला खर्च येतो, एवढंच कारण होतं.

त्या काळात आत्याने आमच्या रविवार पुरवणीच्या वेब आवृत्तीत दोन वर्षं सदर लिहिलं. गावोगावची जुनी ग्रंथालयं, त्यांचे संस्थापक, हरवलेल्या नोंदवह्या. कात्रणं तिने ठेवली नाहीत, कारण सगळं संगणकावर आहे असं मीच तिला सांगितलं होतं. पुढे फाँटचा सर्व्हर बंद झाला. ते ब्राउझरही गेले. आज त्यातलं जे काही सापडतं ती निव्वळ रांगोळी आहे. कोणत्याही शोधयंत्राला त्यात 'ग्रंथालय' हा शब्द मिळत नाही, कोणताही आवाज ती वाचू शकत नाही. आत्या त्याबद्दल कधी बोलत नाही. मला ते रोज आठवतं.

त्याच्याही दहा वर्षं आधी, १९९१ साली, टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सीईआरएन प्रयोगशाळेत जगातलं पहिलं संकेतस्थळ उभं केलं होतं. त्यातली पानं आजच्या फोनवर उघडतात, आणि आत्याचा टॉकबॅकही ती वाचतो, कारण शीर्षक शीर्षकासारखं, दुवा दुव्यासारखा लिहिलेला आहे.

हे काम अवघड आहे, आमची यंत्रणा मोठी आहे, रोज शेकडो बातम्या जातात, असं तुमचे तंत्रज्ञ म्हणतील. त्यावर मला एक जुनी गोष्ट आठवते. ऑक्टोबर २०१५ मध्ये गूगलने एएमपी आणलं. फोनवर झटपट उघडणारी पानं, पण अटी फार कडक. ठरावीक टॅग, ठरावीक क्रम, आणि व्हॅलिडेटरमध्ये एक चूक निघाली तरी पान अवैध. २०१६ पासून फोनवरच्या शोधात वरच्या बातम्यांच्या पट्टीत जागा हवी असेल तर एएमपी लागायचं. तेव्हा देशभरच्या वृत्तसंकेतस्थळांत जी धावपळ झाली ती मी आतून पाहिली आहे. रात्री जागून टेम्प्लेट बदलली गेली, रोज सकाळी चुकांची यादी तपासली जायची, शून्य झाली की सुटकेचा निःश्वास. २०२१ मध्ये गूगलने ती अट काढली. पण या पाच वर्षांत एक गोष्ट सिद्ध झाली: मोठी संकेतस्थळं हवं तेव्हा प्रत्येक पान काटेकोर लिहू शकतात. मनुष्यबळ आणि कौशल्य दोन्ही तुमच्याकडे आहे. मी मागतो आहे ते एएमपीच्या निम्म्यानेही कडक नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण धाक घालायचा हेतू नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सर्वांना वापरता येईल असा असावा, ही जबाबदारी सरकारवर टाकतं आणि कलम ४६ सेवा देणाऱ्या खासगी संस्थांनाही सुगम्यतेच्या नियमांत आणतं. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, त्यांतला किमान भाग सक्तीचा हवा, असं बजावलं. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांच्या पीठाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ऑस्ट्रेलियात हे २००० सालीच झालं होतं. सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळावर चित्रांना पर्यायी मजकूर नाही, अशी तक्रार ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने केली आणि आयोजकांना वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली.

तुम्ही एकटेच चुकता आहात असंही नाही. अमेरिकेतली वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं यंत्राने तपासते. २०२५ मध्ये ९४.८ टक्के पानांवर सुगम्यतेच्या चुका सापडल्या. ५५.५ टक्के पानांवर कुठल्या ना कुठल्या चित्राला पर्यायी मजकूर नव्हता, १५.८ टक्के पानांनी आपली भाषाच सांगितली नव्हती. बहुतेक चुका सहाच प्रकारच्या असतात आणि सगळ्या किरकोळ श्रमात सुधारण्यासारख्या.

माझी मागणी आता स्पष्ट सांगतो. टेम्प्लेटमध्ये 'एमआर' आजच लिहा. बातमी चढवायच्या फॉर्ममध्ये चित्राच्या वर्णनाचा रकाना सक्तीचा करा आणि तो भरणं हे उपसंपादकाचं काम ठरवा, कारण चित्रात काय महत्त्वाचं आहे हे त्यालाच कळतं. 'पुराचा फोटो' एवढं लिहून भागणार नाही, चित्रात आकडे असतील तर आकडे यायला हवेत. विसर्ग, परीक्षेचं वेळापत्रक, उमेदवारांची मतं, सोन्याचा भाव, पिकांचे बाजारभाव, हे चित्र म्हणून कधीही देऊ नका. बटण बटणाच्या टॅगने लिहा. पान आपोआप ताजं करणं बंद करा. आपोआप वाजू लागणारे व्हिडिओही, कारण त्यांच्या आवाजाखाली वाचणारा आवाज बुडतो. जाहिरातींच्या चौकटींना नाव द्या, म्हणजे ऐकणाऱ्याला त्या ओलांडता येतील.

हे सगळं करण्याआधी एकदा स्वतः ऐका. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत टॉकबॅक आहे, आयफोनमध्ये त्याच जागी व्हॉइसओव्हर. तो सुरू करा, डोळे मिटा आणि आपल्याच संकेतस्थळावरची आजची मुख्य बातमी शेवटपर्यंत ऐकायचा प्रयत्न करा. संपादकांनी स्वतः करावं, तंत्रविभागाकडे सोपवू नये. दहा मिनिटं पुरेत.

कोणाला मदत हवी असेल तर मी यायला तयार आहे, एक दिवस, विनामोबदला. आत्याही येईन म्हणते. मी टेम्प्लेट पाहीन, ती शेजारी बसून तुमचं पान ऐकेल आणि कुठे अडलं ते सांगेल. फक्त पावसाळ्याच्या आधी बोलवा, कोयनेचे दरवाजे उघडायच्या आत.

आपला,
एक वेब प्रोग्रॅमर आणि वाचक,
पुणे